निरोपाचा चहा

फोन आला तेव्हा बारकी एका गिऱ्हाइकाच्या घरी शिडीवर उभी होती. तोंडात पडद्याचे हूक, खांद्यावर अस्तर लावलेलं जड कापड, आणि खाली आई दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरून ओरडत होती, "डावीकडे घे. अजून घे. अगं, माझं डावं नव्हे, तुझं डावं!" खिशातला फोन वाजायचा थांबेना, म्हणून बारकीने कसाबसा एका हाताने तो बाहेर काढला. नंबर पाहिला आणि तोंडातले हूक टपटप खाली आईच्या डोक्यावर पडले.

फोन हॉस्पिटलमधून होता. तरुण मुलामुलींच्या मानसिक आजारांचा जो वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर होता, तिथल्या काउन्सेलरताई बोलत होत्या.

"आपल्या वॉर्डात बरेच बदल करायचेत," त्या म्हणाल्या. "पण या वेळी आमच्या मनाने नाही करायचे. जी मुलं इथं राहून बरी होऊन गेली, त्यांनीच सांगायचं काय हवं, काय नको. तशी समितीच केली आहे. तू येशील का? घाई नाही, घरी विचारून, नीट विचार करून..."

"येईन," बारकी म्हणाली. ताईंचं वाक्य अजून पुरतं संपलंही नव्हतं.

घरी परतताना आईने वाटेतच विषय काढला. "तो जिना पुन्हा चढणार नाही, असं कोण म्हणालं होतं? मी?"

"समितीत बोलावलंय आई. भरती व्हायला नाही."

"कळतं मला. पण एवढ्या चटकन हो म्हणालीस, जशी काही माहेरी निघालीस!"

रात्री जेवताना बाबांनी ऐकलं आणि गंभीर चेहरा करून म्हणाले, "समिती म्हणजे बिस्किटं असणार. क्रीमची असली तर येताना दोन आण." आई त्यांच्यावर डोळे वटारत होती, पण तिलाही हसू आलं. बारकी हसली. खरं कारण मात्र तिने दोघांनाही सांगितलं नाही. समितीत वॉर्डातली जुनी मुलं असणार होती. आणि जुनी मुलं म्हटल्यावर, कदाचित, शिट्टी असणार होती.

शिट्टी तिच्या शेजारच्या खाटेवर होती. पुढच्या दोन दातांमध्ये फट, आणि त्या फटीतून ती अशी काही गोड शिट्टी वाजवायची की रागावायला आलेल्या सिस्टरसुद्धा कडवं संपेपर्यंत दारात थांबायच्या. बारकी भरती झाली तेव्हा तिची अवस्था वाईट होती. कॉलेज सुटलं होतं. अंथरुणातून उठावंसं वाटत नव्हतं. कुणी आत येऊ नये, काही विचारू नये, एवढीच इच्छा उरली होती. अन्न तर घशाखाली उतरायचं नाही. घरच्यांनी समजावलं, रागावून पाहिलं, आईने पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. आणि या शेजारणीने पहिल्याच दुपारी आपलं ताट उचललं, बारकीच्या खाटेवर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "हे बघ, एक घास तू, एक घास मी. तू थांबलीस की मी थांबणार. आणि मला भूक फार लागते हं, आधीच सांगते."

बारकीने एक घास खाल्ला तो निव्वळ संकोचापोटी. दुसरा खाल्ला, कारण शिट्टी खरोखरच तिच्या तोंडाकडे आशाळभूतासारखी बघत होती. असं करत करत काही आठवड्यांनी तिला स्वतःहून भूक लागायला लागली.

त्या दोघींचं काय जमलं होतं, ते शब्दांत सांगणं अवघड. बहिणी म्हणाव्यात तर घरात बहिणींची निदान भांडणं होतात. यांचं तेही झालं नाही. रात्री दिवे मालवले की एकमेकींना दिसतही नसायच्या, पण पलीकडच्या खाटेवर कूस बदलल्याचा आवाज आला की बारकीला वाटायचं, चला, आहे कुणीतरी. घरी परत गेल्यावर लोक काय म्हणतील, कसं बघतील, या सगळ्या भीतीवर शिट्टीचं एकच उत्तर असे: "बघू देत. आपणही त्यांच्याकडे बघू."

पण वॉर्डाचा एक नियम होता. इथली ओळख इथेच ठेवायची. आडनाव सांगायचं नाही, पत्ता द्यायचा नाही, फोन नंबर तर नाहीच नाही. शिट्टीबद्दल बारकीला एवढंच माहीत होतं की ती मावशीकडे राहते, मावशीची बेकरी आहे आणि बेकरीसमोर पाण्याची उंच टाकी आहे.

दुसरा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण पाळला जायचा. ज्याला घरी सोडायचं असेल, त्याला सकाळी बाकीचे गच्चीवर व्यायामाला गेले की सोडायचं. रडारड नको, मागे राहिलेल्यांना त्रास नको. एके सकाळी बारकी घाम पुसत गच्चीवरून खाली आली, तर शेजारची खाट उघडी पडली होती. गादी भिंतीला टेकवून उभी केलेली आणि आयाबाई ओल्या फडक्याने कपाटाचा खण पुसत होत्या.

"घरी गेली ती," सिस्टर म्हणाल्या. "बरी होऊन गेली. आनंदच आहे की नाही?"

"हो," बारकी म्हणाली.

आनंदच होता, ते तिलाही कळत होतं. शिट्टी गेली याचं वाईट नव्हतं. आपण आज जाणार हे तिला आधी माहीत होतं का, की तिलाही ऐनवेळी कळलं? माहीत असून बोलली नाही, की बोलायला वळली तेव्हा शेजारची खाट रिकामी होती? एवढंसुद्धा विचारायला कुणी नव्हतं. बारकी पुढे बरी झाली, घरी आली, आईच्या पडद्यांच्या कामात रमलीही. पण तो प्रश्न तसाच राहिला.

मग सुट्टीच्या दिवशी ती बेकऱ्या हिंडू लागली. आईला सांगायची, कापडं बघून येते. पाण्याची उंच टाकी दूरवरून दिसली की पावलं भराभर पडायची, आणि जवळ गेलं की समोर पंक्चरचं दुकान निघायचं. एकदा मात्र टाकीसमोर खरंच बेकरी होती. गल्ल्यावर एक जाड बाई बसली होती. बारकीने पाव घेतला, बिस्किटं घेतली, आणखी एक पाव घेतला, आणि शेवटी धीर करून विचारलं, "तुमच्याकडे भाची राहते का हो? शिट्टी छान वाजवते."

"मला भाचीही नाही नि भाचाही नाही," बाई म्हणाली. "नवरा घोरतो तेवढा." त्या आठवड्यात घरात सगळे पावच खात होते.

समितीची पहिली बैठक तळमजल्यावरच्या एका खोलीत होती. लांब टेबल, त्याभोवती खुर्च्या. बारकी वेळेच्या फार आधी येऊन दाराकडे तोंड करून बसली. दार उघडलं की ती खुर्चीतून अर्धी उठायची. आधी एक अनोळखी मुलगी आली, मग एक मुलगा. मग चष्मेवाला वकील आला. तो खरा वकील नव्हे. वॉर्डात असताना प्रत्येक गोळीवरून डॉक्टरांशी वाद घालायचा, म्हणून शिट्टीनेच त्याला ते नाव ठेवलं होतं. त्याला बघून बारकीला इतका आनंद झाला की तोच बावरला. मग सिस्टर आल्या, काउन्सेलरताई आल्या. एक खुर्ची रिकामी होती. शेवटी मोठे डॉक्टर आले, त्या रिकाम्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "सगळे आले ना? मग सुरू करू."

बारकीने दाराकडे बघणं सोडलं.

टेबलावर रंगांची पत्रकं आणि कापडाचे तुकडे मांडले होते. भिंतींना कोणता रंग द्यायचा, पडदे कसे असावेत, मुलांचं मत हवं होतं. पडद्यांचं म्हटल्यावर बारकीच्या तोंडून आपसूक निघालं, हे कापड दोन धुण्यांत विटेल, हे घ्या, आणि पूर्वेच्या खिडक्यांना अस्तर लावा, सकाळी ऊन थेट डोळ्यांवर येतं. डॉक्टर खूश झाले. "बघा, हे आपल्याला कधी सुचलं असतं का?" बारकीला मात्र कसंनुसं झालं. पडद्यांचं तर ती गिऱ्हाइकाकडेही बोलतेच की.

वकील इतका वेळ पेन उघडत-मिटत होता. आता त्याला राहवेना. "डॉक्टर, आम्हाला पडदे निवडायला बोलावलंय का? ज्या गोळीने दिवसभर झोप येते तिची वेळ का बदलत नाही, घरच्यांना आमच्याबद्दल काय सांगायचं ते आम्हाला का विचारत नाही, हे कधी?"

"तेही येईल. हळूहळू."

"जाणाऱ्याला निरोप घेऊ द्या," बारकी म्हणाली.

तिचा आवाज फार मोठा नव्हता, पण वकिलाचं पेन थांबलं. सगळे आपल्याकडे बघतायत हे कळल्यावर तिचे कान तापले. तरी ती बोलत राहिली. अडखळत, मागचं पुढे करत बोलली. उघडी खाट, उभी केलेली गादी, आणि मग कुणीच काही न बोलणं. "माणूस गेल्याचं दुःख नाही हो," ती म्हणाली. "ती चांगली झाली म्हणून गेली. पण आपण तिला 'जा' असं म्हणालोच नाही, तर ती अजून जायचीच राहते."

सिस्टरांनी हातातलं पत्रक टेबलावर ठेवलं. मग म्हणाल्या, "नियम मी केलाय. उगीच नाही केला. पूर्वी एक मुलगी घरी निघाली, तर मागे राहणारी तिच्या गळ्यात पडली ती सोडेचना. ओढून बाजूला करावी लागली, मीच केली. नंतर तिने अन्न सोडलं. इतकी खचली, की पुन्हा पहिल्यापासून सगळं. तेव्हा मी ठरवलं, जखमेवरची पट्टी काढायची तर एका झटक्यात काढावी."

"सिस्टर," बारकी हळूच म्हणाली, "शिट्टी गेली तेव्हा मीही जेवले नव्हते. तुम्हाला कळू दिलं नाही, एवढंच."

सिस्टरांनी मान वर केली. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. बारकीला बोलल्याचा पश्चात्ताप झाला, आणि नाहीही झाला.

पुढच्या बैठकीत तो विषय सिस्टरांनीच काढला. "संध्याकाळच्या चहाला ठेवा," त्या म्हणाल्या. "सगळे एकत्र असतात, मीही असते. ज्याला निरोप घ्यायचाय त्याने घ्यावा, ज्याला नको त्याच्यावर जबरदस्ती नाही. कुणी खचलं तर मी बसेन त्याच्याजवळ. इतकी वर्षं दुसरं काय केलं?" डॉक्टरांनी शंका काढल्या, वकिलाने त्या एकेक खोडून काढल्या. फोन नंबर एकमेकांना द्यावेत, हेही त्यानेच सुचवलं. दोघंही घरी गेल्यावर, दोघांनाही हवं असेल तर, आणि विचारायचं ते हॉस्पिटलने. बरीच ओढाताण झाली. शेवटी डॉक्टर म्हणाले, "काही महिने करून बघू." वकील असा ताठ बसला, जणू मोठा खटला जिंकलाय.

बैठक संपल्यावर बारकी मुद्दाम मागे रेंगाळली. काउन्सेलरताई कापडाचे तुकडे गोळा करत होत्या.

"ताई, तिला नाही बोलावलं समितीत?"

कुणाला, हे त्यांनी विचारलं नाही. "कुणाला बोलावलं, कुणाला नाही, ते सांगता येत नाही गं."

"ती बरी आहे का, एवढंच."

"तेही नाही सांगता येत."

"मी आता समितीत आहे ना?"

"म्हणून तर तुला ते माझ्याइतकंच कळायला हवं," ताई म्हणाल्या. पण त्यांचा आवाज मऊ होता. "तुझ्याबद्दल कुणी विचारलं तर तुला न विचारता मी सांगितलेलं चालेल तुला?"

बारकीने टेबलावरचा एक तुकडा उचलून त्यांच्या हातात दिला. मग म्हणाली, "तर नवा नियम जुन्यांनाही लावा. तिला विचारा. तिला माझा नंबर हवा का, एवढंच विचारा."

ताईंनी तुकड्यांची चळत टेबलावर आपटून सारखी केली. "डॉक्टरांशी बोलते," त्या म्हणाल्या. "कबूल काही करत नाही हं."

त्यानंतरचे दिवस बारकीने फोन हातात धरूनच काढले म्हणा ना. चुण्या घालताना, माप घेताना, कान फोनकडे. एका गिऱ्हाइकाच्या खिडकीचं माप तिने दारासाठी लिहून घेतलं आणि पडदा हातभर लांब निघाला. आईने तो मुकाट्याने उसवला. एरवी तिने घर डोक्यावर घेतलं असतं. मनातल्या मनात बारकीची पहिल्या भेटीची तयारी चालू होती. काय बोलायचं, कुठे भेटायचं. ओळखेल का आपल्याला? आता गाल भरलेत. शिट्टी म्हणेल, बारकी कसली, आता जाडी म्हणावं लागेल. रस्त्यात फट असलेले दात दिसले की ती मागे वळून बघायची.

शेवटी ताईंनी फोनवर न सांगता खोलीत बोलावलं, तेव्हाच बारकीला काय ते कळायला हवं होतं.

"विचारलं तिला," ताई म्हणाल्या. "तुला काय काय सांगायचं, तेही तिला विचारूनच घेतलंय. ती बरी आहे. काम करते.  तुझ्या नंबरचं विचारलं तर म्हणाली, आत्ता नको."

बारकीने फोन पालथा करून मांडीवर ठेवला.

"ते दिवस तिने मोठ्या कष्टाने बाजूला ठेवलेत. तुझा आवाज ऐकला की सगळं वर येईल, याची तिला भीती वाटते. तुझा राग नाही. विसरलीही नाही. तू जेवतेस का, हे दोनदा विचारलं तिने. मी म्हटलं, मला सांगायची परवानगी नाही. तर म्हणाली, तुम्ही लोक काही सुधारणार नाही."

बारकीला खुदकन हसू आलं, आणि त्या हसण्यातच तिचा बांध फुटला. ताईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि तिला रडू दिलं. बऱ्याच वेळाने बारकी नाक पुसत म्हणाली, "सांगा तिला. जेवते म्हणावं."

"सांगू? परवानगी आहे?"

"आहे."

घरी आई मशीनवर वाकून शिवत होती. बारकीने सगळं सांगितलं, बेकऱ्यांचंसुद्धा. आईचा पाय थांबला.

"मग तू काय म्हणालीस?"

"ठीक आहे म्हणाले."

"खोटं बोललीस."

"हो."

आईने मशीनवरचं कापड बाजूला सारलं, बारकीला लहानपणीसारखं जवळ ओढलं. बारकी आता उंच झाली होती, तिचं डोकं आईच्या खांद्यावर नीट मावेना. तरी दोघी तशाच वेड्यावाकड्या बसून राहिल्या. 

पहिला निरोपाचा चहा होता त्या संध्याकाळी सिस्टरांनी बारकीला आणि वकिलाला मुद्दाम बोलावलं. वकिलाला काम निघालं. बारकी एकटीच जिना चढून तिसऱ्या मजल्यावर गेली. तिच्या काळचं कुणीच तिथे नव्हतं. सगळे चेहरे नवे.

पिवळा स्वेटर घातलेली एक मुलगी घरी निघाली होती. बाहेर बाकावर तिचा मामा बॅग मांडीवर घेऊन बसला होता. आत सगळे कप हातात धरून गोल बसलेले, आणि कुणालाच काही सुचत नव्हतं. इतक्या खटपटीने मिळवलेला निरोप, आणि घ्यायचा कसा ते कुणाला ठाऊक नाही!  शेवटी पिवळ्या स्वेटरवाली उठली आणि सवयीने म्हणाली, "बरं, येते हं."

"ए, येऊ नकोस!" कोपऱ्यातला एक मुलगा ओरडला. "इथे कुणी 'येते' म्हणतं का? जाते म्हण, जाते!"

सगळे खो खो हसले. सिस्टरही हसल्या. मग ती मुलगी एकेकाजवळ जाऊन म्हणायला लागली, जाते, जाते हं, चल जाते. खिडकीजवळची एक लहानखुरी पोरगी हुंदके देऊन रडू लागली. सिस्टर झटकन उठल्या, दोन पावलं पुढे झाल्या आणि तिथेच थांबल्या. जाणारी तिच्याशेजारी बसली, तिच्या कानात काहीतरी बोलली. पोरगी रडतच होती, पण मान हलवत होती.

शेवटी ती भिंतीशी उभ्या असलेल्या बारकीपाशी आली. "तू नवी का?"

"नाही. जुनी."

"मग आपली ओळखच नाही झाली."

"नाही झाली."

"असू दे," ती मुलगी म्हणाली आणि तिने बारकीचा हात हातात घेतला. चहाच्या कपाने तो हात गरम झाला होता. "जाते हं मी."

 'जा' हा शब्द कितीतरी रात्री बारकीने पलीकडच्या रिकाम्या खाटेला म्हणून पाहिला होता. आता तो म्हणायचा होता ते माणूस भलतंच होतं, कधीही न पाहिलेलं. आणि तरी म्हणायचा होताच.

"जा," ती म्हणाली. "सावकाश जा."

मामाने बॅग उचलली. सगळी मुलं खिडकीशी धावली, काचेला नाकं लावून खाली बघू लागली. रस्त्यावर पिवळा स्वेटर दिसला, वळून त्याने हात केला आणि कोपऱ्यावरून नाहीसा झाला. हळूहळू मुलं पांगली. कुणी कप धुवायला घेतले, कुणी पत्ते काढले. बारकी मात्र खिडकीशी उभीच राहिली. कोपऱ्यावरून माणसं येत होती, जात होती. तिला कुणाची वाट बघायची नव्हती आणि हे ठाऊक असूनही ती बराच वेळ बघत होती. शेवटी सिस्टर येऊन तिच्याशेजारी उभ्या राहिल्या.